खिळ्यांचा पट्टा

परवा गोठा झाडताना शेरूचा खिळ्यांचा पट्टा सापडला. गंजला होता, तरी शेरूच्या अंगाचा वास त्यानं धरून ठेवला होता. आमच्या जुन्नरकडे बिबट्या कुत्र्याची मान पकडतो, म्हणून खिळ्यांची टोकं बाहेर काढलेला असा पट्टा घालतात.

मी आठवीत असताना ओतूरला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. माझ्या हट्टापायी दादांनी, म्हणजे वडिलांनी, शेरूला चंदनाच्या साबणानं अंघोळ घातली. तो पट्टा बरा दिसत नाही म्हणून मी घरीच ठेवायला लावला आणि लाल रिबीन बांधली. शेरू असा काही देखणा दिसत होता!

परीक्षकांनी त्याचे दात बघितले, चाल बघितली आणि म्हणाले, "कान फाटलाय. नंबर देता येणार नाही."

"साहेब, कान बिबट्यानं नेला. मान आमी राखली," दादा म्हणाले. लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीची वाट उसातून होती. मी रुसून पुढे चालले होते. मागे दादा शेरूच्या मानेवर हात ठेवून, कमरेत वाकून येत होते. हरलेल्या कुत्र्याचे कसले लाड, म्हणून मी चिडले होते.

तो हात लाडाचा नव्हता. घर येईपर्यंत तो पट्ट्याच्या जागी होता.