लँकशायरच्या गिरणीत बाबा बोलले, पण मॉरीनशी

हेवा हे काही प्रवासाला निघायचं चांगलं कारण नाही, पण माझं कारण तेच होतं. ऑफिसातल्या हेलनने लंचला फोनवर एक फोटो दाखवला. तिची पणजी, लँकशायरमधल्या कापड गिरणीत, पायात लाकडी तळव्यांचे बूट. त्या गिरणीचं आता म्युझियम झालंय, फोटो तिथल्या भिंतीवर आहे, खाली पणजीचं नाव आहे आणि ती किती साचे सांभाळायची तेही लिहिलंय. साचा म्हणजे माग, आमच्या घरातला शब्द. "इझन्ट शी लव्हली?" हेलन म्हणाली. मी हो म्हणाले आणि डब्यातली भाजी मला जाईना.

कारण गिरणी आमच्याही घरात आहे. आजोबा परळच्या गिरणीत, बाबाही त्याच गिरणीत. तिथे आता मॉल आहे आणि भिंतीवर बुटांची जाहिरात आहे. किती वर्षं मी बाबांच्या मागे लागलेय, गिरणीतलं सांगा, मी लिहून ठेवते. "काय सांगायचं त्यात," एवढंच उत्तर. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि यंदा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लेस्टरला आलेत. आल्या आल्या लंडनला कॅमडेनमधल्या, संविधानकार विद्यार्थी असताना राहिले त्या घरी जाऊन झालं, जिथे आमच्यातला प्रत्येक माणूस आधी जातो आणि हात जोडतो. पुढे काय दाखवायचं, असा प्रश्न होताच. म्हटलं, यांना चालू साच्यांपुढे नेऊन उभं करू, तिथे तरी बोलतील.

बँक हॉलिडेचा, म्हणजे सोमवारची सुट्टी जोडून आलेला वीकेंड होता. शनिवारी सकाळी साताला निघालो. एम वनने वर, मग एम सिक्स्टी टू. अडीच तासांचा रस्ता, रोडवर्क्स धरून साडेतीन. मोटरवेवरच्या थांब्यांवरचं, सर्व्हिसेसवरचं सँडविच घेऊ नका. आम्ही बेलग्रेव्ह रोडवरचे थेपले आणि घरचा ठेचा नेला होता, आणि कार पार्कात बाबांनी तो इतक्या निवांतपणे खाल्ला की शेजारच्या गाडीतलं कुटुंब खिडकी खाली करून बघत होतं.

पहिला मुक्काम रॉचडेल. वाण्याच्या भेसळीला कंटाळून इथल्या विणकरांनी वर्गणी काढून स्वतःचं दुकान उघडलं. आपल्या पतपेढ्या, ग्राहक भांडार, सगळ्यांचं आजोळ हे. जुन्या दुकानाच्या जागीच म्युझियम आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. बाबांनी काउंटरवरच्या तराजूचं पारडं बोटाने दाबून पाहिलं. "काटा खरा आहे," म्हणाले. त्या दिवसाचं त्यांचं सगळं बोलणं हेच.

मी मात्र आतून धुमसत होते. जिकडे बघावं तिकडे पाटी. पोरांच्या कामाचे तास कमी व्हावेत म्हणून पार्लमेंटात भांडलेला लॉर्ड, स्वतः मालक असून मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढणारा माणूस, संप करून तुरुंगात गेलेले कोण कोण. सगळे पुसून-बिसून मांडलेले. गिरणीची चिमणी पाडायची तर म्हणे परवानगी लागते! कुठेतरी वाचलं होतं की मुंबईच्या गिरण्यांचा स्वस्त माल बघून इथल्या मालकांच्या पोटात दुखलं आणि आपल्याकडेही कारखाना कायदा करा म्हणून त्यांनी धोशा लावला. म्हणजे या रस्त्यावर जळत जाणारी मी पहिली नव्हे. तेवढंच बरं वाटलं.

रात्री मोटरवेजवळच्या साध्या हॉटेलात राहिलो. रविवारी बर्नलीच्या बाजूला गेलो. इथल्या गिरणी म्युझियममध्ये जायचं असेल तर आधी फोन करून साचे चालवणार का ते विचारा, रोज चालवत नाहीत. कॅफेतला बटाट्याचा पाय घ्या, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजीच, वरून मिरपूड भरपूर.

साचेखात्यात आमच्यापुढे मॉरीन आली. ऐंशीच्या आसपासची, ठेंगणी, गळ्यात व्हॉलंटियरचा बिल्ला. पंधराव्या वर्षापासून विणकाम केलेली. "यू ऑलराइट, लव्ह?" असं बाबांना विचारून तिने पट्टा सरकवला आणि साचे सुरू झाले. तो आवाज कानांत नाही, दातांत जाणवतो. मी कानांवर हेडफोनसारखं ते झाकण चढवलं. बाबांनी नको म्हणून हात हलवला.

आणि मॉरीन आवाज न काढता बोलायला लागली. ओठ मोठमोठे हलवून, भुवया उडवून, हातांनी. साच्यांच्या गोंगाटात विणकर असंच बोलायचे. बाबा दोन क्षण बघत राहिले, मग त्यांनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि डोळ्यांनी दाराकडे खूण केली. मुकादम आला! मॉरीनने खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि पाठ ताठ केली. तिचाही मुकादम आला असणार. दोघं खो खो हसले. मग पोटावर हात, मनगटावर बोट, तुटलेला धागा, कुणाची तरी नक्कल. बाबांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. दुभाषी म्हणून आलेली मी खांबापाशी पर्स धरून उभी. हेलनच्या पणजीचा हेवा परवडला, इतकी मी त्या म्हातारीवर जळले.

साचे थांबल्यावर मॉरीनने धोटा दाखवला. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन साच्यावर इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. त्याच्या भोकाला तोंड लावून, श्वास आत ओढून धागा बाहेर काढायचा. "किसिंग द शटल," ती म्हणाली. "माझ्या आईचे पुढचे दात त्यानेच गेले. एकीचा धोटा दुसरीच्या तोंडात, रोगही तसेच फिरायचे. लोक भांडले, शेवटी बंद झालं."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मॉरीनला खूण केली, पुन्हा चालू कर. तिने केले. बाबांनी धोट्याकडे बोट दाखवलं, मग ओठांकडे. मग हात उंच करून कुणीतरी मोठा माणूस दाखवला, आणि दोन्ही तळवे पुढे करून त्याला दाराबाहेर ढकललं. मॉरीनने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि धोटा त्यांच्या तळव्यात दिला. बाबांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

गाडीत बसल्याबरोबर मी विचारलं, "बाबा, तिला काय सांगितलंत?"

"काही नाही. साच्याचं."

"मला सांगा ना."

"तू रस्त्याकडे बघ."

लेस्टरपर्यंत मी गाल फुगवून गाडी चालवली. चाळिशीतली बाई आणि रुसले होते, खोटं कशाला सांगू.

सोमवारी सकाळी चिडचिडीतच लसणाची चटणी करायला घेतली. भारतातून आणलेला मिक्सर, त्याच्या आवाजाने शेजारचा कुत्रा भुंकतो. बाबा टेबलाशी चहा पीत होते. मिक्सर फिरत होता आणि सहज मान वळवली तर त्यांचे ओठ हलत होते, मॉरीनसारखे मोठमोठे. मी बटण बंद केलं.

"काय म्हणालात?"

बाबांनी मान हलवली आणि मिक्सरकडे बोट केलं. चालू कर.

मी चालू केला आणि समोर जाऊन उभी राहिले. चुकलं की ते पुन्हा म्हणायचे, हातांनी दाखवायचे. तुझ्या आजोबांना साचेखात्यात घेतलंच नाही. धाग्याला तोंड लावायचं काम. आपल्या तोंडाने बाटलेला धोटा बाकीच्या जातीचे कसा तोंडाला लावणार? जन्मभर रिंग खात्यात, सूत कातायला ठेवलं, पगार कमी. पुढे नवे धोटे आले, तोंड लावायचं बंद झालं, मग मला घेतलं.

मॉरीनच्या आईला ज्यातून सोडवायला माणसं भांडली, ते माझ्या आजोबांना करूच दिलं नव्हतं. मला त्या बायकांच्या दुखण्याचाही हेवा वाटला.

चटणीचा पार भुगा झाला होता, मोटार तापल्याचा वास येत होता. बाबांचे ओठ अजून हलत होते. पहिल्या दिवशी जुना टाकलेला एक धोटा मी डब्यातून घरी आणला. बापाला दाखवायला. त्याने पुसला. दार लावून घे म्हणाला. आणि ओठांना लावला.

मी मिक्सर बंद केला नाही.