मापाची पँट

सापगावात लग्नसराई आली की देवकी विशेच्या ओटीवर ब्लाउजपिसांचा ढीग पडतो. येणारीला पाणी विचारायच्या आधी देवकी एकच प्रश्न विचारते, "मापाला आणलंस का गो?" माप म्हणजे जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज. तो नव्या कापडावर पसरायचा, कडेकडेनं खडूची रेघ ओढायची, शिलाईपुरतं कापड सोडायचं नि कातर चालवायची. अठरा वर्षं देवकीनं असंच शिवलंय, आणि तिच्या ब्लाउजाला नाव ठेवणारी अजून सापगावात जन्माला यायचीय. टेप तिच्या गळ्यात असते खरी, पण ती आपली शोभेला, गळा रिकामा दिसू नये म्हणून. बाईच्या अंगाचं माप घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. आली ती थेट स्वतःच्याच अंगाचं माप घ्यायची, तीही एका पँटीपायी.

त्याचं असं झालं. आसनगावच्या पुढं हायवेला एक मोठं गोडाऊन उभं राहिलं. तिथं कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायला बाई गार्ड पाहिजे होती, दहावी पास. देवकी दहावी पास होती, तीही मुरबाडच्या बाजूला डोंगरातल्या माहेरून रोज पायी शाळा गाठून. लग्न झाल्यावर त्या दहावीचं पुढं काय झालं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरात "जेवण झालं का" नि बाहेर "ब्लाउज झाला का", एवढ्यावर तिची सगळी चौकशी आटपायची. गोडाऊनच्या माणसानं मात्र तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज वाचला नि म्हणाला, "अक्षर छान आहे हो तुमचं, देवकीताई." एवढ्याशा बोलण्यावर देवकी घरी पोचेपर्यंत रिक्षात एकटीच हसत होती. ती नोकरी तिला पाहिजे म्हणजे पाहिजेच होती.

पहिला महिना कच्ची नोकरी, मग पक्की. कपडे गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचे, आकाशी शर्ट नि निळी पँट. आणि पँटीपाशी येऊन घोडं अडलं.

पँट मिळायची कमरेच्या नंबरावर. चौतीस नंबर घेतला तर तो मांडीवरच मुक्काम करायचा, वर चढायचं नावच घेईना. अडतीस घेतला तर मांड्या आत जायच्या, पण कमरेला मागून एवढी पोकळी राहायची की कोंबडीची दोन पिल्लं सुखानं मावली असती. खाली बसलं की मागची बाजू घसरायची. त्यात उजवा पाय घोट्याच्या वर आखूड नि डावा बुटाखाली लोळायचा. देवकीनं शर्ट बाहेर सोडून वेळ मारून नेली. पिशव्या जमिनीवर ठेवून तपासायच्या असत. दर पिशवीला ती गुडघे न वाकवताच वाकायची, एक हात पिशवीत नि दुसरा मागं पँटीवर. रांगेतल्या बायका हसायच्या, त्यांच्याबरोबर तीही हसायची. पण घरी आल्यावर पँट उतरवताना ती आरशाकडं पाठ करायची.

सुपरवायझर अनिल तिच्यापेक्षा वयानं लहान, स्वभावानं बरा. एका शनिवारी त्यानं इकडंतिकडं बघत विषय काढला. "ताई, या सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी मोठे साहेब येणारेत. शर्ट इन पाहिजे, पट्टा पाहिजे. ते बघूनच पक्कं करतात. माझ्या हातात काय नसतं."

"पँटच तशी हाय, सर."

"बाकीच्यांना बसते हो," अनिल म्हणाला. तो काही वाईट हेतूनं बोलला नव्हता, पण ते देवकीच्या जिव्हारी लागलं. बाकीच्यांना बसते, मला बसत नाही, म्हणजे खोट माझ्याच अंगात आहे, हे तिनं मनाशी धरलं नि रस्ताभर तेच उगाळत ती घरी आली.

पण देवकी रडत बसणाऱ्यातली नव्हे. येता येता शहापूरच्या बाजारात उतरून तिनं तसंच निळं टेरिकॉट घेतलं होतं. रविवारी सकाळी कापड पसरलं, खडू हातात घेतला नि सवयीनं स्वतःलाच विचारलं, मापाला काय? आता आली का पंचाईत! जन्मात तिनं पँट घातली नव्हती. गावातल्या पोरी घालायच्या, पण त्यांच्या दोन पँटी जोडल्या असत्या तेव्हा देवकीची एक झाली असती. घरात नीट बसणारी पँट एकच, नवऱ्याची. नवसूची बाजाराला जायची पँट तिनं खुंटीवरून ओढली, कापडावर पसरली, कमरेला दोन बोटं नि मांडीला चार बोटं वाढवून धरली नि चालवली कातर.

संध्याकाळी पँट तयार झाली. देवकीनं ती चढवली. पुढं खिशांपाशी कापडाचा बोंगा, मागं मात्र असं ताणलेलं की ती चुलीतलं लाकूड सारायला वाकली तशी मधली शिवण टर्रकन उसवली. नवसूनं गंमत म्हणून ती पँट स्वतः घालून बघितली. त्याला ती झक्क बसली. "चार घास जास्त जेवलं तरी आवळत नाय बघ," तो खूश होऊन म्हणाला. "तेवढी शिवण मारून दे, मी घालतो."

देवकीनं शिवण मारून दिली. मग मागल्या दारी जाऊन, नळ सोडून, तिनं रडून घेतलं.

सासू रंभाबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरी उलटली तरी अजून काष्ट्याचं लुगडं नेसते नि कान असे तिखट की नळाच्या आवाजातलं रडणं तिला वेगळं ऐकू येतं. देवकी डोळे पुसून परत आली तशी सासू म्हणाली, "पुरुषाच्या मापानं बाईचं कसं बसंल गो?"

"मग कुणाच्या मापानं, आई? कुणाकडं हाय बाईची पँट?"

रंभाबाईनं सूप बाजूला सारलं. उभी राहिली, लावणीला वाकतात तशी कमरेत वाकली, उकिडवी बसली नि परत उठली. "बघितलास? जन्म गेला ह्यात चिखलात. कधी सरकलं? कधी फाटलं? काष्टा घालताना ढिलं सोडायचं ते मागं. पुढं काय लागतं? बाई वाकते तवा मागं कापड मागते."

देवकी बघतच राहिली. एवढी वर्षं शिवण करते मी, नि एवढं साधं डोक्यात येऊ नये! नवसूच्या पँटीत मागं कापड नव्हतं, कारण मुळात नवसूलाच मागं काही नव्हतं.

"दार लाव," सासू म्हणाली, "नि परकरावर उभी ऱ्हा. तुझंच माप घेऊ."

रंभाबाईला टेपवरचे आकडे कळत नाहीत. तिनं परकराचा कोरा नाडा घेतला. कमरेला वेढा घालून एक गाठ, नितंबांवर सगळ्यात रुंद जागी दुसरी, मांडीला तिसरी. मग देवकीला पाटावर बसवून बाजूनं कमरेपासून पाटापर्यंत नाडा धरला नि तिथं चौथी. शिंपी याला आसन म्हणतात, आणि पँटीचा सगळा जीव या आसनात असतो. पुढच्या कमरेपासून दोन्ही पायांमधून मागच्या कमरेपर्यंत नाडा नेताना दोघींची हसून मुरकुंडी वळली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण सासूच्या हाताचा इतका स्पर्श देवकीला त्या दिवशी पहिल्यांदा झाला असेल.

शेवटी कमरेपासून टाचेपर्यंतची उंची. डावीकडं माप घेतलं नि गाठ मारली. तोच नाडा उजवीकडं धरला तर गाठ टाचेपर्यंत पोचेना, दोन बोटं वरच राहिली. परत घेतलं, परत तेच.

"हीच ती खोट," देवकी म्हणाली. "सगळ्यांना बसते नि मला बसत नाय. वाकडं अंग हाय माझं."

रंभाबाईनं तिच्या उजव्या कमरेच्या उंचवट्यावर हात ठेवला. "कळशी कुठल्या कमरेवर घ्यायचीस गो म्हायेरी?"

"उजव्या."

"कवापासून?"

"सात वर्षांची असंन. डोंगराखालची विहीर आमची."

"मग खोट कुठली ही? ही कळशी हाय. तिला कापड दे."

देवकीनं गळ्यातली टेप काढून जमिनीवर पसरली. तिनं नाडा टेपवर अंथरला नि गाठीगाठीला आकडे वहीत उतरवून घेतले. मुरबाडला असताना गणिताच्या वहीत लिहायची तसे, सुवाच्य, खाली रेघ ओढून.

या खेपेला तिनं घाई केली नाही. आधी जुन्या चादरीची पँट कापली, मोठमोठ्या गुलाबांची, नि नुसते कच्चे टाके घातले. कामावरून आलं की ती पँट घालून देवकी सगळा संसार करायची. चुलीपुढं बसली, कोंबड्या डालल्या, मांडी घालून जेवली. "बागच चालली घरातून," म्हणत नवसू पोट धरून हसायचा, तेही तिनंच शिवलेल्या निळ्या पँटीत. जिथं ओढ बसेल तिथं देवकी खडूची खूण करायची, टाके उसवायची नि परत घालायची. मागची कमर उंच केली. पोकळी जात नव्हती तिथं दोन टक घातले, ब्लाउजाला घालते तसेच. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की अंगाच्या उंचसखल जागा कापडात कशा उतरवायच्या हे आपल्याला ठाऊक होतंच की. फक्त कमरेखाली ते कधी वापरलं नव्हतं.

शुक्रवारी तिनं नवं टेरिकॉट पसरलं. कापड दुहेरी घडी करून दोन्ही बाजू एकदम कापायची तिची अठरा वर्षांची रीत. घडी घालायला हात पुढं गेलाही होता. तिनं तो मागं घेतला, कापड एकेरी अंथरलं नि चार तुकडे वेगवेगळे कापले. एकासारखा दुसरा नाही.

सोमवारी साहेब आले. देवकी शर्ट इन करून, पट्टा लावून गेटवर उभी होती. बायकांची रांग लागली. भातसानगरहून येणारी बाळी पुढं होती. तिनं डबा, पाण्याची बाटली नि फुगलेली पिशवी खाली ठेवली. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे. देवकी सरळ उकिडवी बसली, लावणीला बसावी तशी. दोन्ही हातांनी पिशवी उघडली, तपासली, बंद केली नि उठली. पँट जागची हलली नाही. मग दुसरी पिशवी, तिसरी, दहावी. साहेबांनी थोडा वेळ बघितलं, हातातल्या यादीवर खूण केली नि ते पुढच्या गेटकडं गेले.

पँटीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही, कुणाचं तिकडं लक्ष गेलंय असंही दिसलं नाही. देवकीला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

दुपारी अनिल सांगायला आला, "पक्कं झालं, ताई." मग खाली बघून म्हणाला, "एजन्सीकडं आली वाटतं तुमची साइझ?"

"नाय सर," देवकी म्हणाली, "माझी साइझ माझ्या घरीच होती."

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळीच बाळी सापगावात हजर. काखेत निळं कापड. रांगेत पहिली उभी असल्यानं एकट्या तिनंच सगळं बघितलं होतं. तिला गोडाऊनच्या आत सामान लावायच्या कामावर बदली मिळत होती, नि तिथंही हीच पँट. "ताई, तुझी पँट मापाला दे ना," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच शिव मला."

देवकीचा हात सवयीनं खुंटीकडं गेला. पँटीला लागला आणि तिथंच थांबला.

"ती नाय देणार."

बाळीचा चेहरा पडला.

"ती मला बसते गो. तुला कशी बसंल? ये, दार लाव नि पाटावर बस."

देवकीनं एक कोरा नाडा काढला. बाळी अंग चोरून बसली. "माझं काय माप घेतेस, ताई. मी ही अशी, एकीकडं कललेली. दुकानवाला पण हसतो."

देवकीनं कमरेला वेढा घातला, गाठ मारली. मग एका बाजूची उंची घेतली, मग दुसऱ्या बाजूची. दुसऱ्यांदा नाडा पुरला नाही.

"पोर कुठल्या कडेवर घ्यायचीस गो?"

"डाव्या. का गो?"

"काय नाय," देवकी म्हणाली नि तिनं नाड्याला नवी गाठ मारली. "डावीकडं कापड जास्त देते."