सावित्री इलेव्हन आणि हमीदभाईंचा गोल

लोकांकडे जुन्या फोटोंचे अल्बम असतात. माझ्याकडे बुटांचा एक खोका आहे आणि त्यात फुटबॉल मॅचचे शेकडो फोटो आहेत. त्यातल्या बहुतेकांत फुटबॉल दिसत नाही. परवा मुलीनं विचारलं, "बाबा, why do you even keep these?" आता तिला काय सांगणार? चांगल्या फोटोला किस्सा नसतो. बघितला, छान म्हटलं, संपलं. वाया गेलेल्या फोटोवर मात्र दहा-दहा मिनिटं बोलता येतं, आणि माझ्याकडे तसलेच जास्त आहेत. त्यामुळे किस्से साठले.

*

सत्त्याण्णव साल असेल. मी शारजात एसी डक्टिंगच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, राहायला दुबईत, अल मनखूलला. आमच्या शेजारच्या अ‍ॅल्युमिनियम वर्कशॉपमध्ये हमीदभाई मुकादम हे फोरमन होते. मूळचे रायगडचे, खाडीकाठचे. वय चाळिशीच्या पुढे, आणि दर शुक्रवारी सकाळी सेंटर फॉरवर्ड. मी नवा कॅमेरा घेतल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ते थेट माझ्या टेबलाशी आले.

"देसाईसाहेब, शुक्रवारी सकाळी काय करता?"

"झोपतो."

"आमचे डिफेन्सवालेपण तेच करतात. या तुम्ही, सोबत होईल."

मग त्यांनी खिशातून चार-पाच फोटो काढले. सगळ्यांत हमीदभाई मैदानात कमरेवर हात ठेवून उभे. हे फोटो घरी पाठवल्यावर त्यांच्या बायकोचं, मेहरूनभाभींचं, पत्र आलं होतं. 'तुम्हाला खेळायला नेतात की सामान सांभाळायला? मुली विचारतात.'

"मला एकच फोटो पाहिजे," हमीदभाई म्हणाले. "मी, बॉल आणि गोल. तिघं एकत्र."

मी म्हटलं, हे काय, एका शुक्रवारचं काम. त्याला पुढे चार वर्षं लागली.

*

टीमचं नाव 'सावित्री इलेव्हन'. निम्मी पोरं रायगडची, निम्मी रत्नागिरीची, आणि मधून सावित्री नदी वाहते म्हणून हे नाव. नाहीतर कुठल्या गावाचं नाव द्यायचं यावरून टीम जन्मायच्या आधीच फुटली असती. मैदान म्हणजे दुबईच्या कुसैस वस्तीमागची वाळू, चुन्याच्या रेघा मारलेली. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळं उरकायचं, म्हणून मॅच साडेसहाला सुरू.

मी क्रिकेटवाला माणूस. क्रिकेटमध्ये कसं, बोलर लांबून पळत येतो, तोवर तुमचा फोकस होतो, चहाचा घोट होतो. फुटबॉलवाले काही सांगतच नाहीत. पहिल्याच मॅचला हमीदभाईंनी गोल मारला. मी इतका तयारीत होतो की बोट बटणावरच होतं. रोल धुऊन आला तेव्हा त्या जागी नुसतं निळं आकाश. गोल झाल्याबरोबर मी दोन्ही हात वर केले होते, कॅमेऱ्यासकट.

हमीदभाईंनी तो फोटो बराच वेळ निरखून पाहिला. "माशाल्ला," ते म्हणाले. "हवा चांगली होती त्या दिवशी."

*

एका टूर्नामेंटमध्ये आमची टीम चुकून सेमीफायनलला गेली. समोरची टीम आलीच नव्हती. आयोजक केरळचे एक मास्तर होते, फार शिस्तीचे. त्यांनी हमीदभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "ये सावित्री मॅडम कौन है? स्पॉन्सर है क्या?"

आमचा गोलकीपर नझीर तिथंच उभा होता. दाभोळचा पोरगा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "जी सर. बहुत बडी है. दो जिले का पानी वो ही देखती है."

झालं. मास्तरांनी माइकवरून जाहीर केलं की बक्षिसं सावित्री मॅडमच्या हस्ते दिली जातील. आता मॅडम आणायच्या कुठून? नेमकी त्या दिवशी माझी बायको डब्यातून पोहे घेऊन आली होती. मैदानावर साडी नेसलेली ती एकटीच. मास्तर नमस्कार करत तिला स्टेजवर घेऊन गेले, हार घातला, खुर्ची दिली. तिला काय चाललंय ते कळेना, पण हार घातल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही. तिनं अकरा जणांना मेडल घातली आणि दोन शब्द बोलायला सांगितल्यावर "सगळ्यांनी पोहे खाऊन जा" असं हिंदीत सांगितलं.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "अहो, ते मला सारखं सावित्री का म्हणत होते?" मी म्हटलं, पतिव्रता दिसतेस म्हणून. घर येईपर्यंत ती खूश होती. खरं कारण नझीरनं पुढच्या शुक्रवारी सांगितलं, आणि मग दोन महिने मैदानावर पोहे आले नाहीत.

*

एकदा मात्र मी हमीदभाईंना गोल मारताना अगदी अचूक पकडलं. चेहरा स्वच्छ, हात पसरलेले, शर्टवरचा नंबर दिसतोय. फक्त फोटो गुडघ्यापर्यंतच आला. खालचे पाय आणि बॉल चौकटीच्या बाहेर राहिले.

हमीदभाई म्हणाले, "असू दे, पाठवतो. ती समजून घेईल." गावी जाणाऱ्या एकाच्या हातून फोटो गेला आणि महिन्याभरानं दुसऱ्या एकाच्या हातून उत्तर आलं. हमीदभाईंनी ते मला वाचून दाखवलं.

'फोटो मिळाला. मुलींना दाखवला नाही. या वयात चारचौघांत नाचता, निदान फोटो तरी काढू नका.'

*

मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती एक दिवस सोबत आली आणि अर्धा तास माझी धडपड बघून म्हणाली, "Baba, why don't you click before the goal?"

सगळी टीम हसली. मला मात्र ते पटलं. पुढच्या शुक्रवारी मी हमीदभाईंच्या पायाशी बॉल आला रे आला की बटण दाबायचं, असं ठरवलं. हाफटाइमच्या आत छत्तीसच्या छत्तीस फोटो संपले. सदतिसाव्या वेळी हमीदभाईंनी डोक्यानं गोल मारला. इतका देखणा गोल मी पुन्हा पाहिला नाही. ते उठून, वाळू झटकत, माझ्याकडे धावत आले. मी रिकामा कॅमेरा तोंडाला लावून उभाच राहिलो.

"आला?" त्यांनी विचारलं.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

त्यांनी लगेच ओळखलं. "देसाईसाहेब, तुम्ही इन्शाल्ला म्हणालात म्हणजे खलास."

*

फुजैराची गोष्ट वेगळी. तिथं बंदरावरच्या लोकांची टीम होती, त्यांच्याशी मॅच ठरली. दोन गाड्या निघाल्या, डोंगरातल्या रस्त्यावर एक बंद पडली आणि आम्ही दहाच जण पोचलो. अकरावा मी. नझीरची जादा जर्सी माझ्या पोटावर कशीबशी ताणून बसवली आणि मला लेफ्ट बॅकला उभं केलं. कॅमेरा त्यांच्या कोचकडे दिला. ते एक वयस्कर पाकिस्तानी गृहस्थ होते, फार अदबीनं बोलायचे. त्यांनी विश्वासानं मान हलवली.

त्या दिवशी हमीदभाईंनी दोन गोल मारले. दोन! मी लेफ्ट बॅकवरूनच ओरडलो, "फोटो, फोटो!" कोचसाहेबांनी अंगठा दाखवला.

रोल धुऊन आला. चोवीसच्या चोवीस फोटो माझे. मी पळताना, मी बसताना, मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकताना, मी बुटाची नाडी बांधताना. हमीदभाईंनी फुजैराला फोन लावून विचारलं की हे काय झालं. कोचसाहेब पलीकडून म्हणाले, "जनाब, पेट देखकर हम समझे मालिक यही हैं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. हमीदभाई हसले, पण नेहमीपेक्षा थोडं कमी.

*

आखातात कुणी रिटायर होत नाही की नोकरी सोडत नाही. तिथं माणूस 'कॅन्सल' होतो. व्हिसा कॅन्सल झाला म्हणजे माणूस कॅन्सल, बुधवारचं विमान आणि कायमचं गाव. दोन हजार एकच्या हिवाळ्यात वर्कशॉप बंद झालं आणि हमीदभाई कॅन्सल झाले. एकवीस वर्षांनंतर.

जायच्या आधीच्या शुक्रवारी त्यांची शेवटची मॅच. मी रात्री नीट झोपलो नव्हतो. दोन रोल आणले होते, एक कॅमेऱ्यात, एक खिशात. टीमनं ठरवलं होतं की आज बॉल कुणाकडेही येवो, तो हमीदभाईंकडेच जायचा. हे समोरच्या टीमलाही पाच मिनिटांत कळलं आणि त्यांनी तीन जण हमीदभाईंच्या भोवती उभे केले. पहिला हाफ तसाच गेला. दुसऱ्यातही काही होईना. हमीदभाई दमले होते, सारखे कमरेवर हात ठेवून उभे राहत होते. मी कॅमेरा लावून बसलो होतो आणि डोळ्यांना धार लागली होती. घाम असेल असं मी शेजारच्याला सांगितलं.

शेवटची पाच मिनिटं राहिली. कुणीतरी लांबून बॉल उडवला आणि हमीदभाई समोरच्या डिफेन्सच्याही मागे, गोलपाशी एकटेच सापडले. रेफ्रीनं ताबडतोब शिट्टी मारली. ऑफसाइड. डिफेन्सवाले जागच्या जागी थांबले. गोलकीपरनं हात खाली सोडले. आमची पोरं डोक्याला हात लावून वळली.

हमीदभाई थांबले नाहीत. बॉल पायाशी घेऊन शांतपणे चार पावलं पुढे गेले. एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग बॉल पुढे सारला आणि सणसणीत मारला. माझ्याकडे इतका वेळ होता की मी आयुष्यात पहिल्यांदा फोकस दोनदा तपासला. पाय वर, बॉल जाळ्यात, गोलकीपर बाजूला उभा, वाळूचा एक कणही आड नाही. तिघं एकत्र.

रेफ्री, एक सुदानी मास्तर, भयंकर चिडून धावत आला आणि त्यानं पिवळं कार्ड दाखवलं. "नो गोल! कॅन्सल!"

नझीर आमच्या गोलपोस्टपासून पळत आला. रडवेला झाला होता. "भाई पण कॅन्सल, गोल पण कॅन्सल," तो म्हणाला. "काय भाई, शिट्टी ऐकली नाहीत?"

हमीदभाईंनी रेफ्रीचा हात हातात घेऊन त्याला मनापासून शुक्रिया म्हटलं. मग माझ्याकडे वळले.

"आला?"

"आला," मी म्हटलं.

ते नझीरच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ऐकली ना, चांगली ऐकली. पण फोटोत कुठे ऐकू येणार आहे?"