हात वर केला की संपलं

ताईचं खोटं बोलणं नेमकं कुठल्या शब्दाला संपलं आणि खरं कुठून सुरू झालं? मी तिच्या मॅडमना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, तिच्या वर्गातल्या सहाही मुलींना विचारलं. तिच्या कॉलेजचे किस्से मात्र माझ्याजवळ ढीगभर साठले आहेत. कोणी ताईचं नाव काढलं की मी गमतीचे आधी सांगतो.

ताई धंतोलीतल्या कॉलेजात शिकत होती. बहिऱ्यांना, तोतऱ्यांना, लकव्यानं वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवायचा कोर्स. खरा पेशंट मिळण्याआधी मुली एकमेकींवर सराव करायच्या. एक पेशंट व्हायची, दुसरी तिला तपासायची. नियम एकच: पेशंटनं उजवा हात वर केला की नाटक संपलं. मग हसायचं, चहा प्यायचा. तोवर काही झालं तरी कोणी मधे पडायचं नाही.

*

पहिल्या वर्षी मॅडमनी सगळ्यांच्या कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घट्ट बसवला आणि दिवसभर बर्डीच्या बाजारात फिरायला धाडलं. बहिरेपण कसं असतं ते कळावं म्हणून. एका संत्रेवालीनं कीव येऊन ताईच्या पिशवीत चार संत्री जास्त टाकली.

घरी येऊन ताईनं कापूस काढला आणि संत्री सोलत बसली. आई काय काय विचारत होती. ताई भिंतीकडे बघत खात राहिली.

"काहून वं, ऐकू येऊन नाही राहिलं का?" आईनं खांदा हलवला तेव्हा ती दचकली.

"माह्या आत कोणीतरी चालून राहिलं होतं, आई. दिवसभर. आता थांबलं."

*

मी सातवीत शाळा सोडून धरमपेठेत सायकलच्या दुकानात लागलो होतो. वर्गात सगळ्या मुलीच, मग पुरुष पेशंट कोण होणार? ताईनं मला नेलं. त्याआधी आठ दिवस तोतरं बोलायला शिकवलं. 'प' आला की ओठ बंद, मान ताठ, डोळे मिटायचे.

तपासायच्या खोलीत भला मोठा आरसा होता. कोणी यायच्या आत मी ऐटीत भांग पाडला, दातात अडकलेलं काढलं, एक पुळीही फोडली. नंतर कळलं, आरशामागे मॅडम आणि मुली बसल्या होत्या. त्यांना तिकडून आरपार दिसतं.

सगळ्या हसल्या. ताई तेवढी हसली नाही. म्हणाली, "तू माह्याकडंच पाहून राहिला होता गा. पण मी तुले दिसत नव्हती."

*

दुसऱ्या दिवशी दुकानात 'पंक्चर' म्हणायला गेलो, तर ओठ उघडेनात. मालक आधी हसला, मग चिडला. मी उजवा हात वर केला. काही झालं नाही.

दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी आपोआप गेलं. आई ताईला म्हणाली, "नक्कल अंगात भिनते वं. सांभाळून राहा."

ताईला त्याचं फार हसू आलं.

*

शेवटच्या वर्षी एकदा ताई लकव्याची पेशंट झाली. तोंड वाकडं, जीभ जड, शब्द भलताच. पाणी दाखवलं की 'खिडकी' म्हणायची. टेपरेकॉर्डर चालू होता. मी तिला घ्यायला गेलो होतो, म्हणून मलाही आरशामागे बसू दिलं. तिची मैत्रीण रेखा तपासत होती.

ताई इतकं हुबेहूब करत होती की मॅडम हळूच म्हणाल्या, "बघा, उजवा हातही कसा लुळा सोडलाय." मुलींनी ते वहीत लिहून घेतलं.

ताई सरळ माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आरशात स्वतःला बघते आहे.

घंटा झाली. चहा आला, निवला. आम्ही सगळे तिनं हात वर करायची वाट पाहत बसलो. रेखा दोनदा म्हणाली, "बस वं आता, संपव."

डोक्यातली नस फुटली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं. तिसऱ्या दिवशी ताई गेली.

*

टेप कॉलेजच्या कपाटात राहिली आणि चुकून नव्या वर्गाला ऐकवली गेली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, या बाईंना आता कसं आहे?" मॅडमनी टेप बंद केली आणि त्या बाहेर गेल्या.

हे मला रेखानं सांगितलं. मी जाऊन टेप मागून आणली. रोज ऐकायचो, नाटक संपून खरं सुरू झालं ती जागा शोधायचो. जागा सापडली नाही. टेप पाठ झाली.

*

थंडीत मॅडमचा निरोप आला. नव्या मुलींना पुरुष पेशंट हवा होता, लकव्याचा. मी गेलो. खुर्चीत बसून ताईची अख्खी टेप बोललो, जिथं ती थांबली तिथं थांबलो. समोर आरशात मी एकटाच.

घंटा झाली. मी हात वर केला नाही.

तपासणारी मुलगी खेड्यातून आलेली, कांता नावाची. ती वहीत बघत थांबली. आरशामागून काही आवाज नाही. मग तिनं पेन ठेवलं, माझा उजवा हात उचलला आणि सोडला. तो मांडीवर पडला.

"भाऊ, हे नाटकच हाये ना?"

"खिडकी," मी म्हणालो.

ती दार उघडून ओरडत पळाली. मागोमाग आरशामागच्या मुलींच्या चपलांचे आवाज आले. मी तसाच बसून राहिलो.

स्ट्रेचर दारात आलं, तेव्हा मी हात वर केला.