नातीचा पेला

आमच्या घरी एकच गाय आहे. तिचं दूध वारंगा फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात जातं. घरी चहापुरतं उरतं, तेही आई दोनदा उतू जाईपर्यंत तापवते. पण ताई माहेरी आली की पहिली धार तिच्या मुलीची. ती पाच वर्षांची आहे. सकाळी बाबा गोठ्यात बसले की ही स्टीलचा पेला घेऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहायची. ते ओल्या तळव्यानं कास पुसायचे आणि पहिल्या धारा तिच्या पेल्यात सोडायचे. तापवलं की दुधातला जीव जातो, असं बाबा म्हणतात. मीही लहानपणी तसंच प्यायले आहे. मला काही झालं नव्हतं. म्हणूनच कदाचित कुणाला भीती वाटली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हिंगोलीच्या वसतिगृहातून घरी आले होते. ताईही लेकीला घेऊन आली होती. मी मायक्रोबायोलॉजी शिकते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. आईला माझा विषय सांगता येत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, जंतूचं शिकते.

भाऊबीज झाली आणि मुलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मग जुलाब. आईनं आधी फराळाला दोष दिला, मग नजरेला. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी जुलाबात रक्त दिसलं. आखाडा बाळापूरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि नांदेडला न्यायची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. पण चार-पाच दिवसांत जुलाब थांबले. घर हलकं झालं. आईनं मऊ भात केला. बाबा फाट्यावरून येताना बिस्किटाचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, नात माझी चिवट हाय.

मला मात्र चैन पडत नव्हतं. ती बिस्किटाला हात लावत नव्हती. चेहरा पिवळट पडला होता आणि डोळ्यांखाली सूज होती. मी ताईला विचारलं, ही लघवीला कधी गेली होती. ताईला आठवेना. आई म्हणाली, एवढे जुलाब झाले, अंगात पाणी कुठं राहिलंय. ते पटण्यासारखं होतं.

वर्गात आम्हाला ई. कोलाय शिकवताना मॅडमनी सांगितलं होतं, की हा जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा काही करत नाही. मात्र त्याच्या काही जाती वेगळ्या असतात. त्यांना धड नावही नसतं, नुसता क्रमांक. त्या जातींचे थोडेच जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. ते जठरातल्या आम्लातून जिवंत सुटतात, आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटतात आणि विष सोडतात. विष रक्तातून मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांपर्यंत पोचतं. तेव्हा जुलाब थांबलेले असू शकतात, म्हणून माणसं बेसावध होतात. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आता तेच आमच्या ओसरीवर गोधडी पांघरून झोपलं होतं.

मी भीत भीत म्हटलं, नांदेडला नेऊ या. ताईचा चेहरा उतरला. आई म्हणाली, लेकरू बरं होऊन राहिलं अन् तू वंगाळ बोलून राहिलीस. मला स्वतःचीही खात्री नव्हती. चुकले असते तर बरंच झालं असतं. बाबांनी जीप बोलावली.

नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं बंद पडत आल्याचं सांगितलं. त्यांनी ताईला विचारलं, कच्चं दूध पाजता का? ताईनं माझ्याकडे पाहिलं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. मीच हो म्हणाले. पुढे शौचाच्या तपासणीत तो जिवाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्या दिवसांनी बऱ्याचदा सापडत नाही. त्यामुळे दुधातूनच आला, असं मी आजही ठामपणे लिहू शकत नाही. पण गाय शेणात बसते, सडांवर शेणाचा पापुद्रा वाळतो, आणि पहिली धार तोच धुऊन खाली येते.

मुलीचं रक्त यंत्रातून फिरवावं लागलं. ती रडायचीही नाही, नुसती छताकडे बघायची. एक दिवस पिशवीत थोडी लघवी जमली. ताई त्या पिशवीकडे बघत रडली. त्याच संध्याकाळी बाबांनी मला दवाखान्याच्या गेटाजवळ गाठलं.

"तू जंतूचंच शिकून राहिलीस ना? मला सांग, काय झालतं लेकराला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दुधाचंही.

"मग गायीला काहून काही झालं न्हाई?"

"तिच्या आतड्यात तो निवांत राहतो, बाबा. ते विष जिथं चिकटतं, तशी जागा तिच्या रक्तवाहिन्यांत नसते. आपल्यात असते. बारक्या लेकरांना जास्त बाधतं."

"म्हंजे गायीचा दोष न्हाई," ते म्हणाले.

तुमचाही नाही, असं मी म्हटलं. ते ऐकत नव्हते. आपले तळवे बघत होते.

मुलगी वाचली. तिची मूत्रपिंडं पुरती सावरली नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. तिला बेताचं मीठ, रोजची गोळी आणि दर काही महिन्यांनी तपासणी आहे. पुढे काय होईल, ते कुणी सांगत नाही. मी पुस्तकात वाचलं आहे, म्हणून विचारत नाही.

या उन्हाळ्यात ताई तिला घेऊन आली. सकाळी मी अंगणात दात घासत होते. मुलगी तोच पेला घेऊन गोठ्यात गेली आणि बाबांच्या गुडघ्याला टेकली.

"आबा, माझी धार."

बाबांनी पहिल्या धारा जमिनीवर सोडल्या. माती ओली झाली. मग त्यांचे हात थांबले. गायीनं वळून पाहिलं. मुलगी पेला धरून उभीच होती. मी चूळ भरून पुढं झाले आणि म्हटलं, चल, आजी दूध तापवून देते. ती म्हणाली, तापवलेल्याला फेस येत नाही.

बाबा चरवी तशीच ठेवून उठले. उरलेली धार आईनं काढली. तेव्हापासून आईच काढते.