थॉमस सरांचे बाप्तिस्मे

पापडीचे थॉमस सर निवृत्त झाले, पण शिकवायची खाज काही गेली नाही. १९९९ साली बाहेरून एम.ए. करणाऱ्या आम्हा सात-आठ जणांना ते घराच्या ओट्यावर इंग्रजी साहित्य शिकवत. फुकट होतं, म्हणून आम्ही ऐकून घेत होतो.

त्यांचं म्हणणं असं, की साधेसुधे इंग्रजी शब्द विद्यापीठात शिरले की त्यांचा बाप्तिस्मा होतो आणि मग ते घरच्यांना ओळख देईनासे होतात. 'एजन्सी' आमच्या लेखी गॅसची. तिकडे ती माणसाची स्वतःहून काही करण्याची ताकद. 'टेक्स्ट' म्हणजे धडा. तिकडे लग्नाची साडीसुद्धा टेक्स्ट, फक्त वाचता आली पाहिजे. बाप्तिस्मा म्हटला की बाळाची जबाबदारी घेणारे धर्मपिता-धर्ममाता आलेच. सरांनी एकेक शब्द एकेकाच्या पदरात टाकला. त्याचं बरंवाईट त्यानं बघायचं आणि वर्गाला शिकवायचं. मला, म्हणजे बर्थाला, 'एजन्सी' मिळाली. त्या दिवशी सरांनी केकही आणला होता.

चांदीपच्या कल्पेशला मात्र शब्द मिळाला नाही. वर्गात तो एकटाच हिंदू. "नियम आहे, बाबा," सर म्हणाले. "धर्मपित्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला लागतो. तू आपला पाहुणा. केक खा." सर गंमतसुद्धा चर्चच्या नियमानं करत. कल्पेश हसला, पण केकला त्यानं हात लावला नाही. या खेपेला नापास झाला तर त्याचे वडील, नथूकाका, त्याला वीटभट्टीवर बसवणार होते.

शेवटी एक शब्द उरला, 'अदर'. साध्या बोलण्यात त्याचा अर्थ दुसरा, एवढाच. विद्यापीठात मात्र ज्याला आपण परका ठरवून दाराबाहेर ठेवतो, तो. हा शब्द सरांनी स्वतःकडे घेतला आणि शिकवायचाच विसरले. परीक्षेत मोठा प्रश्न नेमका त्याच्यावर. आम्ही सगळे आपटलो. पास झाला एकटा कल्पेश.

तो पेढे घेऊन ओट्यावर आला. सरांनी विचारलं, "हा शब्द तुला कोणी शिकवला?"

"तुमीच, सर. आपल्या ओट्यावर जे झालं, तेच लिवलं."

"माझं नाव घातलंस?"

"नाय, सर. 'एक सज्जन शिक्षक' असं लिवलं."

नाव घातलं असतं तर सर रागावून मोकळे झाले असते. पण कल्पेशनं टोमणा मारला नव्हता; त्याला सर खरंच सज्जन वाटत होते. म्हणूनच सरांना ते फार लागलं.