घासणाऱ्या सॅडल

खंडाळ्याचा तो गिटार दुरुस्त करणारा, तार छेडली की डोळे मिटून नाक मुरडतो बघा. साठीनंतर मी इलेक्ट्रिक गिटार शिकले. त्या दिवशी संध्याकाळी भजनी मंडळात पहिल्यांदाच वाजवणार होते, आणि सूर लहरवायची दांडी हलवली की तारांचा सूर उतरायचा. म्हणून सकाळीच त्याच्याकडे गेले.

"मावशी, तार टेकते ती सॅडल लय घासते. ग्रॅफाइटची गुळगुळीत पायजे."

"मग बसव की."

"हितं न्हाई मिळत. पुण्यावरनं मागवाय लागंल."

माझा चेहरा पाहून तो उठला. स्वतःच्या गिटारला तो कुणाला बोट लावू देत नाही. तिच्याच सहाही ग्रॅफाइटच्या सॅडल काढून त्यानं माझ्या गिटारला बसवल्या. दांडी हलवली, सूर लहरला आणि बरोब्बर जागेवर आला.

"आता चुकला तर तुमी चुकला," तो म्हणाला. "गिटारला बोल लावायचा न्हाई."